सहा आठवड्यांची किल्ली

किल्ली सही करून घ्यायची होती.
रजिस्टरमध्ये नाव, गाव, हुद्दा, वेळ.
हुद्द्याच्या रकान्यात माझं पेन थांबलं,
तेव्हा इलाहीमामांनीच वही ओढून लिहिलं, 'नाच'.

उद्यमनगरात दोन लेथच्या शेडांमधली ही तिसरी शेड.
पूर्वी इथं पंपांचे सुटे भाग व्हायचे.
आता भिंतीला आरसा, जमिनीला लाकूड
आणि लाकडाखाली रबर.
मी खाली बसून फटीत बोट घालून पाहिलं.
दहा वर्षं शहाबादी फरशीवर उतरलेल्या गुडघ्यांना
आधी खात्री पटवायला हवी होती.

अर्जात विचारलं होतं, आपल्या कलेचं वर्णन, दोनशे शब्दांत.
प्रकल्पाचा समाजावरील अपेक्षित परिणाम.
मी लिहिलं, आमच्या खालच्या मजल्यावरच्या चौगुलेवहिनींना
सहा आठवडे दुपारची झोप लागेल.
मग ते खोडून 'महिला सक्षमीकरण' लिहिलं.
लाभार्थींच्या संख्येत चाळीस.
चाळीस कुठून आले, मला माहीत नाही.

मुलाखतीला टेबलामागं तिघं.
मधले म्हणाले, फोटोत घुंगरू दिसत नाहीत तुमच्या,
आणि तुम्ही तर हुपरीच्या!

हुपरीची म्हणूनच, सर.
आमच्या घरी घुंगरू मोजतात, बांधत नाहीत.
आई पैंजणाला डाख लावते, शेकड्यावर मजुरी.
उजव्या हातात चिमटा, डाव्या हातात फुंकणी,
ज्योत वाकवून कडीच्या तोंडाशी न्यायची
आणि श्वास तुटू द्यायचा नाही.
तुटला तर चांदी ओघळते,
ओघळली तर तूट मजुरीतून जाते.

यातलं काहीही मी बोलले नाही.
म्हणाले, मी समकालीन नृत्य करते.
त्यांनी ते लिहून घेतलं.

पत्र आलं. साठ हजार, दोन हप्त्यांत.
दुसरा हप्ता अहवाल पोचल्यावर.

पहिला आठवडा मी आठ बाय दहातच नाचले.
एवढी शेड मोकळी, आणि माझा पाय
बरोबर तिथून मागं फिरायचा
जिथं घरी कपाट आहे.
गिरकी घेताना कोपर आखडून,
पंख्याला हात लागू नये म्हणून मान खाली.
दारातून इलाहीमामा म्हणाले,
बाई, फुडं जागा हाय की.

व्हय मामा, दिसतीय.

कपाट ओलांडायला नऊ दिवस लागले.
ओलांडलं तो सोमवार होता, शेजारचे लेथ बंद,
आणि माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू आला.
तेवढाच धरून बसले मग.
एक श्वास, किती लांब जातो.
त्याच्या टोकाला हात काय करतो.
दुपारभर तेवढंच. घामानं फळी काळी झाली.

चौथ्या आठवड्यात आई आली, हुपरीच्या एसटीनं,
पिशवीत भाकरी, खर्डा आणि पुरं करायचं राहिलेलं काम.
चपला दाराबाहेर काढून भिंतीला टेकून बसली.
आरशाकडं तिनं पाहिलंच नाही.
मी लाकडावर उभी राहिले,
पोटातून श्वास काढला, बारीक केला,
वाकवला, नसलेल्या कडीपर्यंत नेला
आणि त्याच्या मागोमाग सगळं अंग.

सात मिनिटं. कुणी काही बोललं नाही.
मामा चहाचे कप धरून उभे.

आई म्हणाली, डावा हात खाली आला तुझा.
भाजलं असतं.
मग थोड्या वेळानं,
ह्याला शेकडा किती देत्यात?

शेकडा नाही ग. आठवड्यांवर आहे.

असं, म्हणाली, आणि पिशवीतून पैंजण काढून
कड्या तपासत बसली, माझ्याकडं न बघता.
पुन्हा कर, म्हणाली.
हात वर.

अजून अकरा दिवस किल्ली माझ्याकडे आहे.
अहवालाचा कागद कोराच आहे.
चौगुलेवहिनी जिन्यात भेटल्या काल,
म्हणाल्या, सवय मोडली बघ तुझ्या पायांची,
दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही.